भात घेतला का त्यांनी

गडचिरोलीच्या जंगलकाठचं गाव सोडायला नीलकंठबाबांनी फार आढेवेढे घेतले होते. पण त्यांच्या लेकीनं, स्वरूपानं, हट्टच धरला आणि आणलं त्यांना जपानात, फुनाबोरीला. इथं तरी म्हाताऱ्यानं निर्धास्त झोपावं, एवढीच तिची इच्छा. पण भीती काय व्हिसा काढून येते? ती आली बाबांच्या मागोमाग, फुकटात.

डिसेंबर सरत आला होता. नवरा शिरीष कामासाठी ओसाकाला गेलेला. संध्याकाळी पार्ट-टाइम नोकरी आटपून स्वरूपा घरात शिरली, तर कुकर, पातेली, छोट्या लेकीचा, अनयाचा, डबासुद्धा भातानं भरलेला. घरातले तांदूळ संपलेच म्हणायचे. बाबा घामाघूम होऊन उभे.

"आले होते," ते म्हणाले. "लाकडं वाजवत. हाती दिवे."

स्वरूपाच्या लक्षात आलं. थंडीत इथली म्हातारी मंडळी टिपऱ्या वाजवत, आगीपासून जपा असं ओरडत फेरी मारतात. साधी माणसं बिचारी.

"ताट घेऊन गेलो. हात जोडले. वाकून वाकून नाई म्हणाले. त्याइनं भात नाई घेतला, माय."

तिला गाव आठवलं. गावात अंधार पडला की बंदूकवाले जंगलातून यायचे आणि भात मागायचे. दिला की सकाळी पोलीस बाबांना उचलायचे, का दिला म्हणून. तोवर शेत पडून. शेत पडलं की घरात दाणा नाही. आणि ज्याच्याकडे भात नाही त्यानं घरातलं माणूस द्यायचं, असा त्या मेल्यांचा कायदा. एका वर्षी बाबांकडे भात नव्हता. स्वरूपाची थोरली बहीण जुई तेव्हा गेली, ती गेलीच.

"अनया कुठंय, बाबा?"

गाद्या ठेवायच्या कपाटातून मुसमुसणं ऐकू आलं. स्वरूपा धावली, तर बाबा कपाटाला पाठ लावून उभे राहिले. "भात नाई घेतला, आता पोरगी मागतीन." तिनं परोपरीनं समजावलं. म्हातारा हलेना.

शेवटी तिनं पातेलं उचललं आणि खाली पळाली. फेरीवाले कोपऱ्यावरच होते. "एक घास तरी घ्या," ती जपानीत म्हणाली. "तुम्ही खाल्लंत तरच माझी मुलगी सुटेल."

तिला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं नाही, पण तिचा चेहरा दिसला असावा. पुढच्या आजोबांनी हातमोजे काढले. मग सगळ्यांनीच भर रस्त्यात मुकाट्यानं भात खाल्ला. स्वरूपा हात जोडून उभी होती, गावात आई उभी राहायची तशी. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि भीतीही. वर खिडकीत बाबा होते.

ती परतली तेव्हा अनया आजोबांच्या मांडीवर होती.

"खाल्ला?"

"सगळ्याइनं खाल्ला, बाबा."

बाबा नातीच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "जुईचं पुसलं का त्याइले?"

स्वरूपानं रिकामं पातेलं खाली ठेवलं.

"पुसलं. बरी आहे म्हणाले."

"मंग तिच्यासाठी थोडा बांधून द्याचा होता, माय."