सोळा कोपऱ्यांचं बाकडं

माझी धाकटी नणंद शिवकन्या जालन्याच्या कॉलेजात गणित शिकवते. गणितानं कुणाच्या घराचं भलं झाल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. आता मात्र तिचं नाव निघालं की माझे हात आपोआप जोडले जातात.

गोष्ट चौऱ्याण्णवच्या भाऊबीजेची. आमचे मालक कारभारी आणि धाकटे दीर भुजंगभाऊ यांची विहिरीच्या पाण्यावरून जुंपली होती. तीन वर्षं अबोला. आम्ही हसनाबादेत, भुजंगभाऊ शेतातल्या वस्तीवर. भाऊबीजेलाही एक भाऊ ओवाळून घेऊन बाहेर पडला की मगच दुसरा आत यायचा. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांचं एकच मागणं, "थोडं दिसून राह्यलं तवर माझी चारी लेकरं एका जागी बघू द्या." चारी म्हणजे हे दोघे, बेबीनंदा आणि शिवकन्या. मी दोघांनाही बोलून बोलून थकले. पालथ्या घड्यावर पाणी!

त्या वर्षी शिवकन्येनं ओवाळायच्या आधीच दोघांकडून वेगवेगळा शब्द घेतला. "पैसे नको, साडी नको. पोरांना शिकवायला मला फोटोंचा तक्ता करायचाय. मी सांगीन तसं उठायचं-बसायचं." बहिणीच्या ओवाळणीला नाही कोण म्हणणार? अंगणात आल्यावर दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि तोंडं फिरवली.

बाकडं मांडलेलंच होतं. शिवकन्येनं रांगोळीनं एक चौकोनी डबा काढला, त्याच्या आत दुसरा, आणि आतले-बाहेरचे कोपरे रेघांनी जोडले.

"हा चौमिती घन," ती म्हणाली. "डब्याला तीन दिशा असतात, लांबी, रुंदी, उंची. ह्याला चौथीबी आहे. आपण चौघं म्हंजे ह्याच्या चार दिशा. कोपरे सोळा, आन् दर कोपऱ्याला एक फोटो. एका रेघेवरून पुढं जायचं म्हंजे एकानंच उठायचं न्हाईतर बसायचं. झालेल्या कोपऱ्यात परत जायचं न्हाई."

"मंग पहिल्या कोपऱ्यात कोण?" बेबीनंदानं विचारलं.

"कोणीच न्हाई. रिकामं बाकडं."

कॅमेरा माझ्या हातात होता. रिकाम्या बाकड्याचा फोटो काढताना माझा जीव तुटला. रोल काय झाडाला लागतो? मग शिवकन्या बसली, तिच्याशेजारी बेबीनंदा. शिवकन्या उठली. भुजंगभाऊ येऊन बसले, शिवकन्या परत आली. दर फोटोनंतर ती त्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवायची. मालक ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, इकडे बघतसुद्धा नव्हते.

पुढे बेबीनंदा उठली, मग शिवकन्याही, आणि बाकड्यावर भुजंगभाऊ एकटे उरले. मी बटण दाबलं. शिवकन्येनं कुंकू लावलं.

"इथून चार रेघा निघतात. तीन झाल्या," ती मान वर न करता म्हणाली. "दादा, आता तू."

"मी बिलकुल बसणार न्हाई. तू बस त्याच्यासंग."

"माझा कोपरा झाला."

"मंग बेबी?"

"तिचाबी झाला. रिकामं बाकडं तर पहिलंच झालं. तू न्हाई आला तर तक्ता इथंच थांबला. ओवाळणी अर्धी राह्यली म्हणीन."

मालकांनी आईकडं पाहिलं. सासूबाई कपाळाशी हात धरून, डोळे ताणून बाकड्याकडं बघत होत्या. त्यांना काय दिसत होतं देव जाणे. मालक निघाले. मला कॅमेऱ्यातून फक्त बाकडं दिसत होतं. मधोमध बसलेले भुजंगभाऊ एका अंगाला सरकले आणि मोकळी जागा त्यांनी रुमालानं झटकली.

"बस दादा," ते म्हणाले. "तिथं खिळा वर आलाय, जपून."

मी घाईनं बटण दाबलं. फोटो हलला.

मग शिवकन्या बसली, मग बेबीनंदा. चौघं एका बाकड्यावर! सासूबाई चाचपडत पुढं आल्या आणि चारी तोंडांवरून हात फिरवून त्यांनी खात्री करून घेतली. त्यांचा हात फोटोत आला. येऊ दे.

उरलेले कोपरेही झाले. शेवटी एकटे बसलेले मालक उठले, तेव्हा भुजंगभाऊ दगड घेऊन तो खिळा ठोकायला आले. मालकांनी बाकडं धरलं.

जुन्या जालन्यातून फोटो धुऊन आले तेव्हा मी शिवकन्येला म्हटलं, "का गं, सोळा कोपरे फिरायला ही एकच वाट होती? आधी तुम्ही दोघी मध्ये बसला असता तर दादाला सोपं गेलं असतं."

"वाटा हजारो आहेत वहिनी," ती हसली. "दादाला मधी कोणीच सापडू नये, अशी मी शोधली."

मी वयानं मोठी. तरी वाकून तिच्या पायांना हात लावला.