लाताकियाचा हुरडा

सेवाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं पुंजाजी मास्तर मनाची समजूत घालत. खरं तर राहून जायला काही कारणच नव्हतं. पत्र जेठात आलं होतं आणि आता पौष लागला होता. मधल्या काळात मास्तरांनी दोन-तीनदा निळं आंतरदेशीय पत्र आणलं, त्यावर 'प्रिय मित्र सेवा यास' एवढं वळणदार अक्षरात लिहिलं, आणि पुढं शब्द अडून बसले तसं ते चुलीत सारलं.

मास्तर साखऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले. पुस्तकात डोकं घालून बसायला सांगा, दिवस दिवस बसतील; चार माणसांत बोलायला उभं केलं की नुसता घसा खाकरतील. सेवा ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरचा. निजामाच्या काळात दोघं एकाच शाळेत शिकले, तेही उंबऱ्याबाहेर बसून. पुंजा बाहेर बसे, कारण तो महारवाड्यातला होता. सेवा बाहेर बसे, कारण त्याला पुंजाशेजारीच बसायचं असे. बसणं तांड्याला चालत होतं. त्याच्या घरचं खाणं चालत नव्हतं. पुढं पुंजाजी मास्तर झाले, घरादारासकट बुद्धाला शरण गेले. सेवा मुंबईला पळाला आणि मालवाहू बोटीवर स्वयंपाकी झाला. आज्यानं बैलांवर मीठ वाहिलं, मी मिठातच राहायला आलो, असं त्यानं एकदा लिहिलं होतं.

हे शेवटचं पत्र भूमध्य समुद्रावरून आलं होतं. सुएझचा कालवा आठ वर्षं बंद होता, तो उघडल्यापासून बोट पुन्हा त्या बाजूला जात होती, आणि दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधणारा सेवा बंदर लागलं की आधी दुसऱ्याच्या हातचं जेवायला उतरत होता. अलेक्झांड्रियात म्हणे वालासारखे दाणे रात्रभर मडक्यात शिजत ठेवतात आणि सकाळी त्यावर तेल, लिंबू, जिरं घालून गाड्यावर विकतात. ग्रीसमध्ये आठ पायांचा मासा दोरीवर धोतरासारखा वाळत घालतात, मग निखाऱ्यावर भाजतात. इझमीरला अंजिरं चटयांवर पसरलेली असतात आणि त्या वासानं मुंग्यांआधी माणूस वेडा होतो. नेपल्समध्ये भट्टीतून निघालेली टमाट्याची रोटी घडी घालून हातात देतात, उभ्यानं खायची, आणि तोंड भाजलं तरी थांबायचं नाही.

सगळ्यात जास्त त्यानं लिहिलं होतं ते सीरियातल्या लाताकिया बंदराबद्दल. तिथं माल उतरायला वेळ होता, तेव्हा गोदीतल्या एका हमालानं त्याला आपल्या गावी नेलं. गव्हाचं हिरवं पीक होतं. लोकांनी शेतातच आग केली, ओंब्या भाजल्या, हातावर चोळल्या, फुंकर मारली. 'पुंजा, हुरडाच रे तो. गव्हाचा, एवढाच फरक. मला रडू आलं तर ते समजले धूर गेला डोळ्यांत.' मग एका मोठ्या परातीभोवती सगळे बसले, हमाल, त्याचा बाप, शेजारी, वाटेनं जाणारा एक गाढववाला, आणि एकातच जेवले.

पत्राच्या शेवटी सेवानं लिहिलं होतं: 'ज्यांची नावं मला म्हणता येत नाहीत त्यांच्या घरी जेवलो. तुझ्या घरी कधी जेवलो नाही. आता बोट सोडायची म्हणतोय. माय गेली, तांड्यावर माझी चूल उरली नाही. आलो तर जेवायला कुठं येऊ?'

या प्रश्नापाशी मास्तरांचं उत्तर अडलं होतं.

त्यांची बायको पद्माबाई हिला त्यांनी पत्र वाचून दाखवलं, पण तो शेवट सोडून. तिला बाकीचं फार आवडलं. पावसाळ्याच्या रिकाम्या संध्याकाळी ती म्हणे, वाचा हो ते बंदराचं, आणि मास्तर वाचत तसतशी ती चुलीपुढं काहीतरी करून बघे. तिनं वाल मडक्यात रात्रभर ठेवले. तिकडच्या ऑलिव्हच्या फळाचं तेल नव्हतं, करडईचं ओतलं. पत्रात होतं तसं निखाऱ्यात भाजलेलं वांगं तिळाच्या कुटात कालवलं, बोट चाटून बघितलं आणि म्हणाली, हे तर आपलं भरीतच, लोकं उगाच एवढ्या लांब जातात.

जेवण झालं की मास्तर बाजेवर पडून शाळेचा जुना नकाशा छातीवर घेत. तो समुद्र नकाशात गावच्या तळ्यासारखा दिसे, सगळीकडून काठ असलेला. डोळे मिटले की बाहेरची ज्वारी हलू लागे आणि काळ्या रानावरून एक बोट सावकाश जाई. काठाकाठानं चुली पेटलेल्या असत. तिळाचा, लिंबाचा, भाजल्या माशाचा वास येई. मास्तर एकेका चुलीपाशी जात आणि दर ठिकाणी तीच परात, तिच्याभोवती तीच अनोळखी माणसं. सेवा थोडा सरकून जागा करी. मास्तर उभेच राहत. बसायचं कसं, आधी गुडघा टेकवायचा की हात, हे त्यांना त्या स्वप्नात आठवत नसे.

कारण त्यांना दुसरंच काही आठवे. लहानपणी एकदा सेवा त्यांच्या दारात आला होता आणि त्यांच्या आईनं, रुक्माबाईनं, त्याच्या हातावर ऊन भाकर ठेवली होती. वाटेत खातो, असं म्हणून सेवानं ती सदऱ्यात घातली. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या कडेला, दगडापाशी, ती भाकर तशीच पडलेली पुंजानं पाहिली. मुंग्या लागल्या होत्या. त्यानं कधी विचारलं नाही. आता तोच सेवा साऱ्या समुद्राची चव घेऊन येणार, आणि आपण त्याच्यापुढं ज्वारीची भाकर ठेवणार. त्यानं पुन्हा वाटेत खातो म्हटलं तर? या वयात ते सोसायचं नाही. बोलवावं तर ही भीती, आणि नको लिहावं तर जन्माचा मित्र बोटीवरच म्हातारा होऊन जाणार.

पौषात हुरडा धरला. मास्तरांच्या दोन एकरांत बांधाकडेची पेरणीची चार तासं हुरड्याच्या गूळभेंडी ज्वारीची होती. पद्माबाईनं आगटी पेटवली, कणसं निखाऱ्यात खुपसली, तीळ-लसणाची चटणी पानावर आणि गूळ फडक्यावर मांडला. भाकरी वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या. दुपार अशी होती की धूरसुद्धा वर जायचा कंटाळा करत होता.

बांधावरून सेवाची बहीण पारुबाई गवताचा भारा घेऊन चालली होती. तिच्या चोळीसारख्या कांचळीवरच्या आरशांवर ऊन पडलं आणि उजेडाचे तुकडे ज्वारीवरून पळाले. समुद्रावर सकाळी असंच दिसतं, असं सेवानं लिहिलं होतं. मास्तर बघतच राहिले.

पद्माबाईनं हाक मारली, "या पारुबाई, टेका जरा. गरम हाय."

पारुबाईनं भारा टाकला आणि बसली. कणसं तिनंच हातावर चोळली, फुंकली, मूठभर तोंडात टाकली. मग सेवाची काही खबर आहे का, असं तिनं विचारलं. तिच्याकडं कागद येत नाही, आला तरी वाचणार कोण.

मास्तरांनी घसा खाकरला. पद्माबाईच बोलली, "आलंय की पत्र, जेठात. तवापासून मास्तर उत्तर लिवून राहिले."

"एवढं मोठं उत्तर?" पारुबाई म्हणाली. "मंग पोष्टात कशाला, बैलगाडीत घालून धाडा."

दोघी हसल्या. मास्तरही हसणार होते, पण तोंडातून भलतंच निघालं. सात महिने बायकोला न सांगितलेला पत्राचा शेवट त्यांनी खाली बघत, हुरड्याच्या दाण्यांना सांगितल्यासारखा सांगून टाकला. आलो तर जेवायला कुठं येऊ, असं विचारतोय तो.

पद्माबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की घरी गेल्यावर काय ऐकायचंय ते त्यांना कळलं. पारुबाई निखारा काडीनं उकरत राहिली. मग तिची नजर गाठोड्यावर गेली.

"भाकर हाय का वं त्यात?"

"हाय. पन आमच्या चुलीवरची..." पद्माबाई थांबली.

"पन काय? हुरड्यानं पोट भरतंय व्हय?"

तिनं स्वतःच गाठ सोडली, अर्धी भाकर मोडली, चटणी घेतली आणि खाऊ लागली. तेवढ्यात तांड्यावरचे दोघे म्हातारे गुरं घेऊन वाटेनं आले. एकानं थांबून त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. पारुबाईनं घास न गिळताच उत्तर दिलं. म्हाताऱ्यानं क्षणभर आगटीकडं बघितलं, मान हलवली, आणि गुरांना हाकत निघून गेला. त्या मान हलवण्यात काय होतं ते मास्तरांना कळलं नाही.

"काय म्हणाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हनला, पारू, कुठं जेवून राहिली? म्या म्हनलं, भावाच्या घरी."

ओढ्याकाठच्या भाकरीचं विचारावं असं मास्तरांच्या ओठांवर आलं. हिला ठाऊक असेल. भाकर सेवानं आपणहून टाकली की त्याच्या मायच्या धाकानं टाकावी लागली, हे ही सांगू शकेल. पण पारुबाई उरलेली अर्धी भाकर मोडत होती, आणि चटणी आणखी आहे का म्हणून बघत होती. मास्तरांनी चटणीचं पान तिच्याकडं सरकवलं. विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी पत्र लिहिलं. सवयीनं एक सुंदर वाक्य सुचलं, ते त्यांनी खोडलं. उरलं ते एवढंच: 'सेवा, घरी जेवायला ये. भाकर ज्वारीचीच आहे. पुढच्या पौषापर्यंत आलास तर हुरडा सापडेल. पारुबाई जेवून गेली.'

गावातल्या पेटीवर त्यांचा भरवसा नव्हता. खरं म्हणजे स्वतःवर नव्हता. दुसऱ्या दिवशी एसटीनं ते सेनगावला गेले. पोस्टाच्या भिंतीवरच्या लाल पेटीपुढं उभं राहून त्यांनी सेवाच्या मुंबईच्या बोट-कंपनीचा पत्ता पुन्हा वाचला. भाकरीचं तसं लिहायला नको होतं, असं वाटलं. घडी उघडावी का, असंही वाटलं. मागं एक बाई कार्ड घेऊन उभी होती. ती म्हणाली, "टाका की बाबा."

मास्तरांनी टाकलं. आत पडल्याचा आवाज काही आला नाही, म्हणून त्यांनी फटीला कान लावला, बाई बघते आहे हे पाहून ओशाळले, आणि बाजूला झाले.