फणसाचा आळ आणि हिरवा चाफा

मी एक काटेरी आणि हट्टी हिरवा चाफा आहे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून तुम्हाला माझी दया यावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. मला उपटून फेकलं होतं हे खरं, पण मी आजही उभा आहे आणि चांगला दरवळतो आहे.

माझी पहिली चार वर्षं मुरबाडजवळच्या एका फार्महाऊसच्या फाटकाशी गेली. मी फाटकावर चढावं आणि फुलांनी ते झाकून टाकावं, अशी मालकांची अपेक्षा होती. चढायला मी चढलो. पण माझ्या मुळांखाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा भरलेला. तिथे कुणाला फुलावंसं वाटेल? मला नुसते काटे येत राहिले. एकदा एका पाहुणीची भारी साडी माझ्या काट्यात अडकून फाटली आणि त्याच दिवशी माळीकाम करणाऱ्या महादूला हुकूम सुटला, की हे झाड काढून टाक.

महादूने मला छाटलं, मुळासकट उपटलं आणि कुंपणाबाहेर टाकलं. त्या दिवशी सावळी तिथे गवत काढायला मजुरीवर आली होती. ती माझ्यापाशी थांबली.

"महादूदादा, याला नेऊ का?"

"ने की. पण करशील काय? फूल नाय, फळ नाय, निस्ते काटे."

"मना काटेच पायजेत," सावळी म्हणाली. "शेरडं माजी वांगी ठेवत नायत."

मित्रांनो, मला माझ्या काट्यांसाठी पसंत करणारी ती पहिलीच बाई! मी तेव्हाच ठरवलं, की हिच्या दारात मरायचं नाही.

तिने मला ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि डोक्यावर घेऊन तिच्या वाडीवर नेलं. शहापूरच्या रस्त्याला गाव आहे आणि ओढ्याच्या पलीकडे, गावाबाहेर, ही वाडी. इथल्या कुणाच्या नावावर शेत नाही. सावळीचा नवरा नामा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. घरापुढे जेमतेम खाट मावेल एवढी जागा, पण सावळीने तिथे वांगी, मिरच्या, गवती चहा आणि झेंडू लावला होता. मला तिने कुंपणाच्या कोपऱ्यात बसवलं. तांदळाचं धुवण रोज माझ्या मुळाशी पडायचं. मी जोमाने वाढलो आणि एकही शेरडू आत येऊ दिलं नाही.

तिसऱ्या वर्षी, ज्येष्ठात, मला फूल आलं. आमचं फूल आधी पानासारखंच हिरवं असतं आणि पानांच्या आडच लटकतं, त्यामुळे ते कुणाच्या नजरेस पडत नाही. पिवळं पडू लागलं की मात्र त्याला वास सुटतो. तोही कसा, तर पिकलेल्या फणसाचा! दुपार कलली आणि तो वास अंगणभर पसरला. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सावळीने मान वर केली. "ह्या बया, फणस कुठं पिकला?" असं म्हणत तिने खाटेखाली वाकूनसुद्धा पाहिलं. काहीच सापडेना, तेव्हा ती स्वतःशीच हसली. माझ्याकडे पाहायचं तिच्या मनातही आलं नाही.

आणि नेमका त्याच वेळी ओढा ओलांडून गावातला साईनाथशेठ आला. त्याच्या बांधावरच्या फणसाचं एक मोठं फळ वटपौर्णिमेच्या वाणासाठी राखून ठेवलेलं होतं आणि ते सकाळपासून दिसत नव्हतं. दोन गडी घेऊन तो आधी वाडीवरच आला, दुसरीकडे कुठे गेला नाही. अंगणात पाऊल टाकताच त्याने नाक वर केलं.

"सावळे, फणस कुठाय?"

"कसला फणस? मीच मघापासून शोधतेय, वास कुठून येतो त्यो."

"मला शिकवतेस? वाणाचा फणस होता माझ्या घरचा!"

गड्यांनी तिचं घर उलटंपालटं केलं. गोधड्या झाडल्या, तांदळाच्या डब्यात हात घातले. तिथे काही मिळालं नाही. मग आठळ्या पुरल्या असतील म्हणून त्यांनी वांग्याची रोपं उपटून माती उकरली. सावळीने आपले दोन्ही तळहात त्यांच्यापुढे धरले. "हे बघा. फणस कापला असता, तर हाताला चीक नसता लागला?"

"तेल लावून कापला असशील," साईनाथ म्हणाला. "उद्या समितीत सांगतो. शाळेत पोरांचं जेवण शिजवायला चोर नको आम्हाला."

शाळेच्या स्वयंपाकाचं काम सावळीला नुकतंच मिळालं होतं आणि सोमवारपासून सुरू व्हायचं होतं. ते टिकलं, तर नामाला यापुढे भट्टीवर जावं लागणार नव्हतं. ते काम माझ्या वासामुळे जायची वेळ आली. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगतो, वास आवरून धरणं मला जमलं असतं, तरी मी तो धरला नसता. चोरी तिने केली नव्हती आणि मीही केली नव्हती. मग लपायचं कुणी?

नुकताच भट्टीवरून परतलेला नामा घाबरला. "जा, पाया पड त्याच्या. आपण दुसरा फणस आणून देऊ."

"जो घेतलाच नाय, तो भरून देऊ? मग घेतलाच म्हनतील सगळी."

ती तशीच उकरलेल्या मातीत बसून राहिली. वास येतच होता. थोड्या वेळाने ती अचानक म्हणाली, "फणस असता, तर माश्या आल्या असत्या. एक तरी माशी हाय का इथं?"

मग ती उठली आणि वास घेत घेत कुंपणाच्या कडेने निघाली. माझ्यापाशी येऊन थांबली आणि तिने सरळ माझ्या फांद्यांत हात घातला. माझ्या काट्यांनी तिचं मनगट ओरबाडलं, तरी तिने हात मागे घेतला नाही. जाड पाकळ्यांचं ते पिवळं फूल तिच्या बोटांना लागलं. तिने ते हुंगलं. आधी ती रडली, मग नामाला हाक मारून मोठ्याने हसली. ते फूल तिने झाडावरच राहू दिलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना खुडून नेलं. तिच्या मुठीत मीच होतो, म्हणून पुढचंही मला सांगता येतं.

शाळेत समितीची माणसं जमली होती. साईनाथशेठ समितीचा अध्यक्ष, तोच आधी बोलायला उठला. सावळी त्याच्याआधी बोलली. "मना काय ते मागून बोला. आधी डोळे मिटा नि सांगा, हा वास कसला?"

"फणसाचा," शिकवणाऱ्या संगीताबाई म्हणाल्या.

"बरका फणस," समितीतला हनुमान म्हणाला.

"हाच!" साईनाथ ओरडला. "काल हिच्या अंगणात हाच वास होता!"

सावळीने मूठ उघडली.

"अगं, हा तर हिरवा चाफा!" संगीताबाई म्हणाल्या. साईनाथने ते फूल स्वतः हातात घेऊन दोनदा हुंगलं. मग तो म्हणाला, "असलं झाड दारात ठेवावं कशाला? माणसाचा गैरसमज होतो. तोडून टाक ते."

"नाक तुमचं, झाड माजं," सावळी म्हणाली. "तोडनार नाय, शेठ. आनि माजी वांगी उपटलीत, ती येऊन लावून द्या."

तो काही आला नाही आणि त्याने माफीही मागितली नाही. फणस कुणी नेला, ते मला आजतागायत ठाऊक नाही आणि मला त्याच्याशी कर्तव्यही नाही. सावळी सोमवारी कामावर गेली आणि अजूनही जाते.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी झाडं तुमच्याकडे पाणी मागतात, माया मागतात. मला ते काही नको, तांदळाचं धुवण मला रोज मिळतं. माझं एकच मागणं आहे. कुणाच्या दारात नुसता वास आला म्हणून त्याला चोर म्हणू नका. आधी काट्यांत हात घालून पाहा आणि ओरबाडलं, तर तेवढं सोसा.

त्याच पावसाळ्यात सावळीने माझ्या लांब फांद्या वाकवून मातीत दाबल्या आणि त्यांवर दगड ठेवले. मुळं धरली, तशी ती एकेक फांदी कापून वाडीत वाटत गेली. आता वाडीतल्या सगळ्या घरांच्या दारात मी आहे. यंदाच्या ज्येष्ठात आम्ही सगळे एकदमच फुललो आणि ओढ्याच्या आमच्या बाजूला जिकडेतिकडे पिकल्या फणसाचा वास सुटला. ज्याला झडती घ्यायची असेल, त्याने खुशाल यावं. सुरुवात कुठल्या घरापासून करायची, तेवढं मात्र त्याने आधी ठरवून यावं.