कपाशीच्या पानावरची लव

भाद्रपदातल्या त्या रविवारी दिपमाला धुळ्याहून धरणगावला आली, तेव्हा घरी कुणीच नव्हतं. तिच्यासाठी चहा झाकून ठेवलेला होता. तो तसाच ठेवून ती शेताकडे निघाली. तिचे वडील, आबा, आणि कामिनी कपाशीत असणार, हे तिला ठाऊक होतं.

कामिनी तिच्या धाकट्या भावाची, कुंदनची बायको. कुंदनची नोकरी दीपनगरला. तो आठवड्यातून एकदा यायचा. शेत पाहायचे ते आबा आणि सून.

आबा दुकानातलं बियाण्याचं पाकीट आणत नसत. उभ्या पिकातून बियाण्याची झाडं निवडून त्यांना जुन्या धोतराची चिंधी बांधून ठेवत. निवडायची त्यांची रीत वेगळीच होती. शेंड्याचं पान उलटं करून गालावर फिरवायचं.

"खरखर लागस का?" आबा सुनेला विचारत होते.

"लागस, आबा."

"मंग बांध. तुडतुडाले आठे बठाले जागाच नही."

दिपमाला धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दाट लव असलेल्या पानावर तुडतुड्या किडीला बसून रस शोषणं अवघड जातं, अळीनं कुरतडलेलं झाड वास सोडून अळीच्या शत्रूंना बोलावून घेतं, यावर तिचे दोन लेख छापून आले होते. आबांनी ते ट्रंकेत जपून ठेवले होते. वाचले नव्हते.

"त्या लवेला ट्रायकोम म्हणतात," ती म्हणाली.

"हो का? छान," आबा म्हणाले. लेकीशी बोलताना त्यांची भाषा शुद्ध व्हायची, पाहुण्यासमोर चांगला कप काढावा तशी. मग ते सुनेकडे वळले. "आज तू एकटी बांध, माय. मी देखत नही."

आणि खरंच लिंबाखाली जाऊन पाठ करून बसले.

दिपमालाला दहाव्या वर्षीच धुळ्याच्या वसतिगृहात पाठवलं होतं. 'उन्हात काळी पडशील, तू शीक,' असं म्हणून. तिच्या गालाला त्यांनी कधी पान लावलं नव्हतं. कामिनी झाडामागून झाड पुढे जात होती, गाल पुढे करत होती, हसत होती. तिच्या मागे राहून दिपमालानं एका झाडाची चिंधी सोडली आणि शेजारच्या उंच, तुकतुकीत झाडाला बांधली. त्याची पानं गुळगुळीत होती. तिनं आधी बोट फिरवून पाहिलं होतं.

संध्याकाळी ती एसटीनं परतली. सोमवारी सकाळी आबा झोपेतून उठलेच नाहीत.

दिवाळी होऊन गेल्यावर ती पुन्हा शेतात आली. कामिनी बियाण्याचा कापूस वेगळ्या पिशवीत वेचत होती. शेजारच्या शेतातले भटूनाना बांधावर उभे होते. एका चिंधीपाशी कामिनी थबकली. त्या झाडाची पानं कडेनं लाल पडून वाटीसारखी वळली होती.

"तुडतुड्यानं खाल्लं की गं!" भटूनाना हसले. "सासऱ्यानं गुरुमंत्र दिला, पण चेलीचा गाल मऊच राहिला."

कामिनी हसली नाही. तिनं पान गालावर फिरवलं, पुन्हा फिरवलं. भटूनाना निघून गेल्यावर ती दिपमालाला म्हणाली, "ताई, ही ओळ मीच बांधली होती. एकदाच त्यांनी माझ्यावर सोडलं, आणि मला कळलं नाही. बाकीची तरी बरोबर असतील कशावरून?" तिनं पिशवी बांधावर ठेवून दिली. "विकायच्या कापसात जाऊ दे हा. पुढच्या वर्षी पाकीट आणू."

दिपमालाला क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. गप्प राहिलं तर आबांचं बियाणं इथंच संपणार होतं, आणि ही बाई जन्मभर स्वतःच्या गालावर विश्वास ठेवणार नव्हती.

"तू चुकली नाहीस," ती म्हणाली. "ती चिंधी मी सोडून इथं बांधली. तुझं झाड ते, शेजारचं."

कामिनीनं शेजारी पाहिलं. ते झाड हिरवंगार होतं.

"का पण, ताई?"

"आबा तुला सोबत घेऊन फिरायचे, ते मला बघवत नव्हतं." दिपमालाचा आवाज वर्गात असतो तसा सरळ होता, फक्त थांबत थांबत येत होता. "मी दर रविवारी यायचे, तुमच्या मागे चालायचे, आणि जळत परत जायचे. 'आबा, मलाही शिकवा ना,' असं मी त्यांना एकदाही म्हणाले नाही."