वरची कवळी

पायाखाली काहीतरी कट्कन मोडलं. सकाळी सकाळी लादीवर पापड कुणी टाकला, असं प्रितमच्या मनात आलं. पाय उचलून पाहिलं तर पापड नव्हता. आजोबांची वरची कवळी होती, आणि तिचे आता दोन तुकडे झाले होते.

झालं असं, की आंघोळीला जा म्हणून आजोबांनी तिसऱ्यांदा हाक मारली आणि प्रितमने चिडून टॉवेल भिरकावला. टॉवेल टेबलावरच्या वाटीला लागला, वाटी पडली, कवळी पाण्यासकट खाली आली आणि पाय आपटत निघालेला प्रितम तिच्यावरून गेला. सोळा वर्षांच्या या मुलाने गेल्या वर्षभरात रागाच्या भरात न्हाणीघराची कडी, स्वतःचा मोबाईल आणि सोसायटीचं कॅरम एवढं मोडलं होतं. दात मात्र पहिल्यांदाच मोडले, असं म्हणता येणार नाही. ते पुढे येईलच.

"मोडली?" आजोबांनी विचारलं. खरं तर त्यांच्या तोंडून नुसती हवा आली, पण प्रश्न कळला. यापुढे त्यांचं बोलणं मी दात असल्यासारखंच लिहितो. ज्यांना हवा हवी असेल त्यांनी ती मनाने घालून घ्यावी.

"फेविक्विक लावू?" प्रितम म्हणाला.

"अरे, तोंडात घालायचीय ती."

अडचण कवळीची नव्हती, अकरा वाजताच्या लग्नाची होती. सिताराम आजोबा तळोज्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावत. सानपाड्यापासून कामोठ्यापर्यंत कुणाचं लग्न, बारसं, गृहप्रवेश असला की पांढरा झब्बा घालून आजोबा हजर. आचार्यांनी एकेक ओळ म्हणायची आणि हॉलभर लोकांनी हात जोडून ती मागून म्हणायची, अशी रीत. आता नुसत्या हवेच्या मागून लोक काय म्हणणार? रविवार असल्याने दातांचे डॉक्टर बंद, लग्नाचा सीझन असल्याने बाकीचे आचार्य दुसरीकडे. आई हॉस्पिटलात ड्युटीला आणि बाबा फर्स्ट शिफ्टला, त्यामुळे ओरडायलाही घरात कुणी नव्हतं.

"तू म्हण," आजोबा म्हणाले.

"मी? टेन्शन नका देऊ, आजोबा. मला नाय येत."

"लहानपणी माझ्या मांडीवर बसून धडाधड म्हणायचास. मी बाजूला उभा राहतो." मग त्यांनी बोट वर केलं. "पण एक नियम. पंचशील देणाऱ्याने निदान त्या दिवशी तरी ते पाळलेलं पाहिजे. आज मारामारी नाय, शिवी नाय, आणि थाप तर अजिबात नाय."

इथे प्रितमची पंचाईत झाली, कारण गेले काही दिवस तो एका मोठ्या थापेवर जगत होता. घरी त्याने सांगितलं होतं की कॉलेजला अभ्यासाची सुट्टी आहे. सुट्टी फक्त त्यालाच होती. वर्गातल्या सुमेध नावाच्या मुलाचा पुढचा दात त्याने ठोसा मारून अर्धा पाडला होता आणि कॉलेजने त्याला निलंबित करून घरी बसवलं होतं. सोमवारी सुमेधच्या वडिलांनी येऊन "मिटलं" म्हटलं तर अकरावीची परीक्षा देता येणार होती, नाहीतर नाव कापणार होते. म्हणजे उद्याच. आजोबांना हे कळलं तर, या विचारानेच त्याला रात्ररात्र झोप लागत नव्हती. जगात तो घाबरायचा त्या एकाच माणसाला, आणि त्या माणसाने त्याच्यावर कधी हात उचलला नव्हता.

रिक्षात त्याच्या गुडघ्यावर डास बसला. प्रितमचा हात वर गेला. आजोबांनी नुसतं बघितलं. डास पोट भरेपर्यंत प्यायला आणि जुईनगरला उतरला.

"सुट्टी कधी संपते रे?" आजोबांनी विचारलं.

"उद्या जायचंय," प्रितम म्हणाला. हे खरंच होतं. खरं बोलूनही बरंच काही लपवता येतं, हा शोध त्याला तिथे लागला आणि जरा धीर आला.

तो धीर हॉलच्या दारापर्यंत टिकला. दारात नवा कोट घालून, तोंड घट्ट मिटून, पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत सुमेध उभा होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुलाबपाणी प्रितमच्या डोळ्यात गेलं, चुकून की मुद्दाम ते सुमेधलाच माहीत. नवरीचे वडील मारोती जाधव पुढे आले. एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलून त्यांचे खांदे दाराएवढे झाले होते. नवरी स्नेहल त्यांची मोठी मुलगी, म्हणजे सुमेधची ताई. प्रितमने मनातल्या मनात ते सगळं जुळवलं आणि तो आजोबांच्या मागे सरकला.

"जय भीम, बाबा. ह्यो तुमचा नातू काय? आज ह्योच म्हननार? ब्येस झालं. कॉलेजला असंल?"

आजोबा अभिमानाने प्रितमकडे बघत राहिले. थाप अगदी जिभेवर होती, एका शब्दाची. प्रितमने ती गिळली.

"नाय. काढलंय मला."

"का रं?"

"एकाला मारलं."

"कुनाला?"

"तुमच्या सुमेधला."

कॉलेजातल्या तक्रारीवर सही मारोतींचीच होती. त्यातलं मारणाऱ्याचं नाव त्यांनी वाचलंही होतं, पण आचार्यबाबांच्या नातवाचं ते नाव असेल असं त्यांना कसं वाटावं? त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. त्यांनी हॉलमधल्या लोकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. हॉल दोनला रिकामा करायचा होता.

"का मारलंस माझ्या लेकराला?"

प्रितमने लादीकडे पाहिलं.

"बोल," आजोबा म्हणाले.

"खोटं बोलू नको म्हणालात. बोललंच पायजे असं नव्हतं म्हणालात."

कारण एवढंच होतं, की कँटीनमध्ये सुमेधने ओठ आत वळवून एका म्हाताऱ्या आचार्याची नक्कल केली होती. आजोबांची कवळी सैल होती आणि लग्नात म्हणताना मधूनच शीळ वाजे. सुमेधने ती शीळ हुबेहूब काढली आणि सगळं टेबल हसलं. आपण कुणाच्या नातवासमोर बसलोय हे त्याला ठाऊक नव्हतं. चौकशीत सरांनी प्रितमला दहादा कारण विचारलं, पण ते सांगायचं म्हणजे ती शीळ सगळ्यांसमोर पुन्हा वाजवायची. ते त्याला जमलं नाही. आताही, आजोबा शेजारी उभे असताना, ते सांगण्यापेक्षा नाव कापलेलं परवडलं असतं.

"आधी माझ्या पोरीचं लगीन लाव," मारोती दातओठ खात म्हणाले. "मग तुझं बघतो."

प्रितम माइकसमोर उभा राहिला. समोर पांढऱ्या साडीत स्नेहल, शेजारी नवरदेव, मागे हॉलभर माणसं. त्रिशरण सुरळीत झालं. ओळ म्हटली की तीच ओळ भरभक्कम होऊन परत येत होती, आणि इतके लोक आपलं ऐकतायत याचं त्याला बरंही वाटलं. पंचशीलातली पहिली तीन शीलं झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे तो अडकला. त्याने आजोबांकडे वळून हळूच विचारलं, "पुढचं काय?"

माइक चालू होता. हॉलभर लोकांनी हात जोडून गंभीरपणे म्हटलं, "पुढचं काय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रितमने घाबरून म्हटलं, "थांबा जरा." मागच्या रांगांनी "थांबा जरा" म्हटलं. शेवटी नवरीनेच मान खाली घालून ओठांतल्या ओठांत चौथ्या शीलाचा पहिला शब्द पुरवला आणि गाडी पुढे गेली. स्वतःच्या लग्नात आचार्याला आठवण करून देणारी नवरी आजोबांनीही आजवर पाहिली नव्हती.

वधूवरांच्या प्रतिज्ञा झाल्या, हार घातले गेले. उरली जयमंगल गाथा, म्हणजे आशीर्वाद. लोकांच्या मुठीत फुलं तयार होती. प्रितमला ती पाठ होती. पण त्याने बाजूला पाहिलं. आजोबा हात जोडून, ओठ मिटून उभे होते. एवढी लग्नं लावलेला माणूस नातवाने मोडलेल्या दातांमुळे मुका उभा होता. प्रितमला एकदम रडू आल्यासारखं झालं. हा आवाज लोकांच्या हसण्यापासून वाचवायला त्याने दात पाडला होता, आणि आज त्यानेच तो बंद करून टाकला होता.

त्याने माइक आजोबांपुढे धरला.

आजोबांनी नकाराची मान हलवली. प्रितमने माइक हलवला नाही.

आजोबांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. अर्धे शब्द हवेतच गेले. पहिल्या कडव्याला लहान मुलं हसली. त्यांच्या आयांनी त्यांना दटावलं. कडव्याच्या शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची असते. ती आली तशी सगळ्या हॉलने स्पष्ट, खणखणीत उचलली. पुढच्या कडव्याला कुणी हसलं नाही. आजोबा हवेत ओळ म्हणत होते, लोक ती जमिनीवर आणून ठेवत होते. त्या आवाजात आणखी एक बारीक शीळ होती. प्रितमने पाहिलं. स्नेहलच्या मागे उभा राहून सुमेध पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणत होता आणि अर्ध्या दातातून त्याचीही हवा जात होती. तो नक्कल करत नव्हता. त्याचे डोळे ओले होते.

जेवणाच्या पंगतीत मारोती वरणाची बादली घेऊन आले. आजोबांच्या ताटात दोन पळ्या जास्त वाढल्या आणि प्रितमला म्हणाले, "उद्या कॉलेजात किती वाजता यायचं?"

"दहा."

"येतो. सुमेधनं सांगितलं मला."

"काय सांगितलं?" आजोबांनी विचारलं.

"काय न्हाई, बाबा. पोराठोरांचं असतंय काईतरी. क्रिकेटवरनं."

चौथं शील घेऊन तास झाला नव्हता.

आजोबांनी भात कालवला. "मारोती," ते म्हणाले, "दात गेलेत माझे. कान आहेत. सुमेध सांगत होता ते ऐकलंय मी." मग प्रितमकडे न बघता त्यांनी त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सुमेध ताट घेऊन आला आणि कुणी न सांगता आजोबांच्या दुसऱ्या बाजूला बसला. तिघांच्या ताटात वाढप्याने एकेक पापड टाकला. आजोबांनी आपला बाजूला सारला. सुमेधने आपला बाजूला सारला. प्रितमने हातात घेतला, दोघांकडे पाहिलं, आणि आवाज होणार नाही असा ताटाच्या कडेला ठेवून दिला.