थोरलीचं पाऊल

आमच्या डोंगरावर सहाशे पायऱ्या चढून गेलं की सपाट कातळात एक पाऊल उमटलेलं दिसतं. कुणाचं, ते विचारू नका. मी वाटाड्या आहे; पाहुणा जितका दमलेला, तितकी मी गोष्ट आखूड करतो. मुद्दा एवढाच, की त्या पावलात कुणाचाही पाय बसतो. बाळाचा बसतो, पैलवानाचा बसतो. बसत नाही तो फक्त चेटकिणीचा. हे वाक्य मी पायथ्याशीच टाकतो, म्हणजे लोक अर्ध्यातून परत फिरत नाहीत. बावीस वर्षं हे वाक्य माझं पोट भरतंय.

आणि बावीस वर्षं ते माझी थोरली आई ऐकत आली. ती पायथ्याशीच बसते, चढणाऱ्यांसाठी संत्री सोलत. पांढरी साल तेवढी ठेवायची, वरची टोपी कापायची आणि चोखायला हातात द्यायचं. मी ते वाक्य म्हणायचो तेव्हा तिची सुरी थांबायची नाही. मला वाटायचं, तिला सवय झाली असेल. माणूस किती गाढव असू शकतो बघा.

थोरली म्हणजे माझ्या वडिलांची पहिली बायको. तिची पहिली तिन्ही मुलं चालायला लागायच्या आत गेली. माझी आई धाकटी म्हणून घरात आली, वर्षभरात मी झालो, आणि मी मात्र टिकलो. पुढे एकदा पाण्यावरून दोघींचं भांडण पेटलं आणि आई बोलून गेली, “स्वतःची पोरं खाल्लीस, आता माझ्या पोरावर डोळा आहे तुझा.” जिभेला हाड नसतं. आई हे एकदाच बोलली. गाव चाळीस वर्षं बोलत राहिलं. नंतर थोरलीला मुलगा झाला. त्याचं नाव कोकुमो ठेवलं, म्हणजे ‘आता मरणार नाही’. त्यानं नाव मनावर घेतलं आणि आज अकुरे शहरात सहा फुटी मास्तर होऊन बसलाय. सगळे तिला ‘इया कोकुमो’, कोकुमोची आई, म्हणू लागले, पण तिच्या हातचा घास पोरांना द्यायला बायका कचरायच्याच. त्या भांडणानंतर ती कधी डोंगर चढली नाही. विचारलं की म्हणायची, गुडघे दुखतात. तिशीतही तिचे गुडघेच दुखत होते.

आता कोकुमोचं लग्न झालं. आमच्या घराण्यात नवी सून घरात आली की दुसऱ्या सकाळी सासू तिला वर नेते. आधी सासूनं त्या पावलात पाय ठेवायचा, मग सुनेनं. थोरली नाही गेली, तर गाव म्हणणार, बघा, आम्ही काय म्हणत होतो. गेली आणि पाय बसला नाही, तर नव्या सुनेसमोर तिला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. शिवाय गेल्या दोन वर्षांत तिचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते. माझ्या पाचावर धारण बसली.

संध्याकाळी मी तिच्या पाटीपाशी जाऊन बसलो. म्हटलं, “इया, वरच्या पायऱ्या शेवाळल्यात. मी सांगतो सगळ्यांना, यंदा वाट बंद आहे म्हणून.”

“पाऊस पडून तीन महिने झाले,” ती म्हणाली. “कोरड्या दिवसांत शेवाळ? खोटं बोलायचं तर ऋतू बघून बोलावं, आजानी.”

“मग निदान असं कर. टाच आधी मागच्या कडेला टेकव आणि बोटं थोडी आत घे. कुणाचाही बसतो.”

तिनं सुरी खाली ठेवली. “युक्तीनं बसला तर तो तुझा पाय झाला, माझा नाही. जा आता. घरी आई वाट बघत असेल.”

सकाळी आम्ही निघालो. ज्या बायका कधी सरपणालाही डोंगरावर जात नाहीत, त्याही त्या दिवशी हौसेनं मागून आल्या. थोरली दर चाळीस-पन्नास पायऱ्यांवर थांबायची. सून मोरेनिके तिचा हात धरायला गेली तर म्हणाली, “मला नको, स्वतःला सांभाळ. नवी लुगडी पायात येतात.” मोरेनिके हसली. शहरातली मुलगी, तिला कुणी काही सांगितलेलं नसावं, किंवा सांगूनही तिनं ते कानाआड केलं असावं.

वर पोचल्यावर थोरलीनं चप्पल काढली. बायका पुढे सरकल्या. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी कातळावरच्या सरड्याकडे बघत राहिलो. मग मोरेनिकेचा आवाज आला, “इया, बसला की. आता माझी पाळी.”

“थांब जरा,” थोरली म्हणाली. “चाळीस वर्षांनी आलेय. एवढ्यात हलवू नकोस.”

ती तशीच उभी राहिली, सुजलेला पाय त्या पावलात ठेवून. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

उतरेपर्यंत दुपार झाली. आई उंबऱ्यात बसली होती. मला बघताच म्हणाली, “बसला?”

“बसला.”

“माझाही बसला होता,” ती म्हणाली. “तुझ्या लग्नात वर नेलं होतंस ना मला. तसलं बोललेल्या बाईचा पाय त्या शिळेनं मुकाट्यानं घेतला. तेव्हाच कळलं मला, ती कुणालाच नाही म्हणत नाही. कळूनही गप्प बसले.”

ती उठली आणि अंगण ओलांडून थोरलीपाशी गेली. थोरली पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. धाकटीनं थोरलीला रोज गुडघे टेकून नमस्कार करायचा, ही आमची रीत. आईनं त्या भांडणानंतर ती सोडली होती. आता ती भिंतीला धरून धरून गुडघ्यांवर आली.

“ते मी बोलले होते,” आई म्हणाली. “तुमचं काही चुकलं नव्हतं.”

“ठाऊक आहे,” थोरली म्हणाली. “असं मोघम नको. तिघांची नावं घेऊन बोल.”

मला वाटलं, आता आई अडकणार. त्या घरात मी जन्मलो, वाढलो, पण ती नावं कुणाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

“अयोदेले,” आई म्हणाली. म्हणजे घरी आनंद आला. “मालोमो.” म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. मग, “बांजोको.” म्हणजे माझ्यापाशी बस.

आईला तिन्ही नावं पाठ होती.