पेट्रोलमधून निघालेलं पाणी

भाच्याच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पुस्तकात खूण म्हणून तेच घातलं होतं, त्यामुळे रोज समोर यायचं. सोरोकाबात टॅक्सी चालवणाऱ्या जासिंतोने लिहिलं होतं : 'मामा, सरकारने पेट्रोलमधलं इथेनॉल आणखी वाढवलं तेव्हापासून सगळे म्हणतात, इंजिनं जाणार. तुमच्या साओ पावलोतले ते प्रवचनकार बंधू ओझेयास पेट्रोलमधलं पाणी काढतात म्हणे. महिनाअखेरीला ते इकडे येताहेत. त्यांच्या आशीर्वादाच्या पाण्याची अख्खी बाटली टाकीत ओतायची असते. ओतू का? तुम्ही वाचणारे आहात, तुम्ही सांगाल ते खरं.'

तुम्ही सांगाल ते खरं! इथेच माझं पेन अडायचं. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं लावली, पण हाताने कधी काही करून पाहिलं नाही. माझं चुकलं तर पोराची टॅक्सी जायची, आणि टॅक्सी गेली की घर बसायचं.

शेवटी रविवारी शेजारच्या इवोनेतेबरोबर बंधूंचा प्रयोग बघायला गेलो. ती शाळेची व्हॅन चालवते.

"फोन करून टाका ना भाच्याला, एवारिस्तोकाका," ती वाटेत म्हणाली.

"फोनवर माझी जीभ वळत नाही."

"मग त्याला सांगा, इवोनेतेने बाटली घेतली. चाळीस रेआल गेले, पण इंजिन वाचलं."

"ओतलीस?"

"आज ओतणार. आधी डोळ्यांनी बघू द्या."

पेट्रोलपंपामागच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. टॅक्सीवाले, मोटारसायकलवाले, कडेवर मुलं घेतलेल्या बायका, आणि एका कोपऱ्यात पास्तेलच्या करंज्या तळणारा, त्याचा धंदा जोरात. मधोमध पांढऱ्या कोटात बंधू ओझेयास. हातात आकडे कोरलेली उंच काचेची नळी.

"हे पेट्रोल कुठलं?"

"पंपाचं!" गर्दी ओरडली.

"मी आणलं?"

"नाही!"

नळीत पन्नासच्या रेघेपर्यंत पेट्रोल, त्यावर शंभरपर्यंत आशीर्वादाचं पाणी. बूच लावून त्यांनी नळी उलटीसुलटी केली, डोळे मिटले, ओठ हलवले. थोड्या वेळाने पाणी खाली बसलं आणि पेट्रोल वर राहिलं. पाण्याची रेघ मात्र पन्नासवर नव्हती. पासष्टच्या आसपास गेली होती.

"पन्नास घातलं, पासष्ट झालं! वरचं पंधरा कुठून आलं? तुमच्या पेट्रोलच्या पोटातून! माझ्या पाण्याने हाक मारली आणि चोर पाणी सुळकन बाहेर आलं! एक बाटली टाकीत घाला, सगळं धूर होऊन उडून जाईल. इंजिन बाळासारखं झोपेल... म्हणजे, धावेल!"

"हालेलूया!"

माझ्या बाजूचा टॅक्सीवाला डोळे पुसत होता.

वाचायला काही नसलं की मी भिंती वाचतो. पंपाच्या खांबावर एक मळकी सूचना होती : गिऱ्हाइकाने मागितल्यास पेट्रोलमधलं इथेनॉल तपासून दाखवलं जाईल. खाली चित्र. तीच नळी, निम्मं पेट्रोल, निम्मं मिठाचं पाणी. इतकी वर्षं या खांबाला टेकून लोक गप्पा मारताहेत!

मी इवोनेतेच्या बाटलीचं बूच उघडून बोट बुडवलं आणि चाटलं. खारट.

कसा कोण जाणे, माझा हात वर गेला. "मी... मी नळाच्या पाण्याने करून पाहू का?"

"या आजोबा, या! घाबरू नका!" बंधू हसले. गर्दीही हसली.

पास्तेलवाल्याकडून मीठ घेतलं, नळाच्या पाण्यात ढवळलं. नळीत पन्नासपर्यंत पेट्रोल ओतताना थोडं बुटावर सांडलं, मग वर ते पाणी ओतलं. नळी हलवली, ठेवली. रेघ वर चढली. पासष्टच्या आसपास.

"बघा," मी म्हणालो, "साधं पाणी—"

"चमत्कार!" बंधूंनी मला मिठीच मारली. "आजोबांनाही कृपा लाभली!"

पुढचं सांगायलाही संताप येतो. एक बाई माझ्या हाताखाली मुलाचं डोकं धरून उभी राहिली. टॅक्सीवाला म्हणाला, "आजोबा, माझ्या गाडीवरून एकदा हात फिरवा." मी ओरडत होतो, "अहो, मीठ! मीठ आहे ते!" आणि लोक माझ्याकडे प्रेमाने बघत होते.

तेवढ्यात इवोनेतेने नळी हिसकली.

"आता मी करते. माझ्यावर कृपा कसली? काल सासूला मी जे बोलले ते अख्ख्या गल्लीने ऐकलंय!"

तिने केलं. रेघ तितकीच चढली. हशा पिकला, मग लोक नळी बघायला पुढे सरकले.

"काका, मग हे वरचं पंधरा आहे तरी काय?" इवोनेतेने विचारलं.

"इथेनॉल. सरकारने सांगून घातलेलं. त्याला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. पाणी मिळालं की ते पेट्रोल सोडून पाण्यात जातं, म्हणून खालचा थर फुगतो. पेट्रोलमधून पाणी निघालेलंच नाही."

"आणि टाकीत बाटली ओतली तर?"

"असाच थर टाकीच्या तळाशी बसेल. इंधन तळातूनच ओढलं जातं. इंजिनात जाईल ते खारं पाणी."

इवोनेतेने बाटलीकडे पाहिलं. "आणि मी पोरांच्या व्हॅनमध्ये ओतणार होते!" ती पैसे परत मागायला बंधूंकडे वळली, तर त्यांनी कर्ण्यावर भजन लावलेलं. पाच-सहा जण तिच्यामागे गेले. बाकीचे? बाटल्यांसमोरची रांग आखडली, पण मोडली नाही. टॅक्सीवाल्याने दोन घेतल्या. "मीठ असलं तरी आशीर्वादाचं आहे," तो मला समजावत होता.

घरी येऊन जासिंतोला लिहायला बसलो. या वेळी पेन थांबलं नाही.

'टाकीत पाण्याचा थेंबही घालू नकोस. इथेनॉल जास्त असलं की गाडी थोडं कमी अंतर जाते, हे खरं. पेट्रोलात भेसळ वाटली तर पंपावर चाचणी माग, तो तुझा हक्क आहे. बंधू तिकडे आले की पुढे हो, त्यांच्या नळीत तुझ्या घरचं मिठाचं पाणी घाल आणि रेघ बघ. चार जणांना हाताने करायला लाव. मी सांगितलं म्हणून मात्र काहीच खरं मानू नकोस. आज एवढी माणसं एका माणसाने सांगितलं म्हणूनच रांगेत उभी होती, आणि थोड्या वेळाने माझ्याही पाया पडायला निघाली होती. आपल्याला डोळे आहेत, हात आहेत, प्रश्न विचारायला तोंड आहे. ते वापर.'

सोमवारी टपाल कचेरी उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. खिडकीतल्या बाईंनी पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.